रिकामटेकड्यांचं घर

४ फेब्रुवारी, सोमवार

फाटकाच्या खांबावर आज लाल फुली मारून गेले. विचारलं नाही, सांगितलं नाही. डबा उघडला, कुंचला बुडवला, मारली फुली. मी भाजी चिरत होते, तशीच सुरी हातात घेऊन बाहेर आले, तर तो मोजणीवाला दोन पावलं मागेच सरला. म्हणाला, "आजी, रस्ता रुंद होतोय. तुमचं घर मध्ये येतंय."

मी म्हटलं, "घर कुठेही आलेलं नाही बाबा. ते होतं तिथेच आहे. मध्ये येतोय तो तुझा रस्ता."

हसला मेला. आणि फुली तरी धड मारावी! रंग पातळ, ओघळ पार खालपर्यंत आलेले. पाडायचंच आहे म्हणून काय झालं, काम ते काम.

भाचीला फोन केला. भाची म्हणजे दादाची मुलगी, शहरात दातांची डॉक्टर आहे. दादा आणि वहिनी गेल्यापासून माझं म्हणून जे काही आहे ते ती आणि हे घर. ती म्हणाली, "आत्या, रडू नकोस." मी रडत नव्हते, संतापले होते. पण फोनवर दोन्ही सारखंच ऐकू येतं वाटतं.

५ फेब्रुवारी, मंगळवार

भाचीचा फोन. जुन्या वास्तू जपणारं एक सरकारी मंडळ आहे म्हणे. नामवंत कलावंतांची घरं ते यादीत घेतात. एकदा यादीत गेलं की कोणाची छाती नाही हात लावायची. रस्ता मग पलीकडच्या पडीक माळावरून नेतील. तिथे नाहीतरी दगड आणि काटे यापलीकडे काही नाही.

मला तर हसूच आलं. कलावंतांचं घर! हातच्या कांकणाला आरसा कशाला? एका छपराखाली चित्रकार, विणकर आणि गवई राहिलेलं दुसरं घर या मुलखात दाखवा. दादाची चित्रं तर दूरदूरच्या संग्रहालयांत आहेत. मी म्हटलं, "ये म्हणावं तुझ्या मंडळाला. चहा टाकते."

७ फेब्रुवारी, गुरुवार

भाची म्हणते घराची हकिगत लिहून ठेव, मंडळ विचारेल. मला कुठलं आलंय लिहायला, तरी लिहिते.

आमचे वडील गवंडी. त्यांनी हे दोन खोल्यांचं कौलारू घर गावाबाहेर बांधलं, कारण गावात त्यांचं कोणाशी पटत नसे. (नाकावर माशी बसू देत नसत. लोक म्हणतात तो गुण माझ्यात उतरलाय. उतरू दे.) दादा मोठा, म्हणून थापी त्याच्या हातात दिली. त्यानं गिलावा करायचा सोडून ओल्या चुन्यावर कोळशानं बैल काढला. वडिलांनी त्याला एक ठेवून दिली, थापी काढून घेतली आणि माझ्या हातात दिली. गावाला वाटलं मुलीला जुंपली. मला वाटलं मला राज्य मिळालं.

पुढे दादानं चित्रंच काढली. मात्र भिंतीवर पुन्हा कधी एक रेघही ओढली नाही, एवढा त्या थपडेचा धसका. मग वहिनी आली, ती आपला हातमाग बैलगाडीत घालून घेऊनच आली. आणि बुवा. बुवा दादाचे मित्र. दोन दिवसांसाठी म्हणून आले आणि पुढे आमच्याच घरातून त्यांना खांदा दिला. माणसं वाढली तशा घराच्या खोल्याही वाढल्या.

गावानं नाव ठेवलं 'रिकामटेकड्यांचं घर'. मला त्यातून वगळायचे, कारण मी गावभर भिंती बांधत हिंडायचे आणि चूल त्यावर चालायची. पण मला राग यायचा. रिकामटेकडे काय! सकाळी उजाडल्यापासून घरात कोणी कोणाशी बोलत नसे इतकं काम चाले.

८ फेब्रुवारी, शुक्रवार

एक लिहायचं राहिलं. आमच्या घरात 'मांडणी' असे. संध्याकाळी जेवणाआधी ज्यानं त्यानं दिवसाचं काम स्वयंपाकघराच्या बाकावर आणून मांडायचं. दादा चित्र ठेवी, वहिनी विणलेली वीत दाखवी, बुवा उभं राहून दोन ओळी गात. नियम कडक होता. आधी दोष काढायचा. दोष काढल्याशिवाय "छान" म्हणायला बंदी. आणि दोष निघाला की ज्याचं काम त्यानंच उत्तर द्यायचं, दुसऱ्यानं मध्ये तोंड घालायचं नाही. गप्प बसलास तर दोष मान्य. उत्तर पटलं तर जेवायला बसा.

मी काही मांडत नसे. भिंत उचलून बाकावर कशी ठेवणार? पण माझ्या कामाचेही दोष निघायचेच. "अगं, दार घासतंय." "उंबरा उंच झाला." मी पोळपाटावरून मान वर न करता उत्तर द्यायची. एकदाही हरले नाही.

१० फेब्रुवारी, रविवार

भाची येऊन गेली. नियम वाचून दाखवले आणि माझ्या पायाखालची जमीन सरकली.

कलावंत नुसता राहून गेला हे चालत नाही. त्याच्या हातचं काहीतरी त्या घरातच हवं, घराचा भाग म्हणून. उचलून नेता येईल असं नको. टांगलेलं चित्र चालत नाही. आणि टांगलेलं तरी कुठे आहे? चित्रं संग्रहालयांत, माग शाळेला दिला, कापड लोकांच्या अंगावर फाटून गेलं. बुवांचं तर बोलायलाच नको, गाणं काय भिंतीला चिकटून राहतं?

दोघी घरभर फिरलो. भाची माळ्यावर चढली, कपाटामागे डोकावली. "बाबांनी कुठे दारावर, खांबावर काही काढलं असेल ना गं?"

"तुझ्या बापानं या घरात एक खिळाही ठोकला नाही," मी म्हटलं. अभिमानानंच म्हटलं. असल्या कामात त्याला मी कधी पडूच दिलं नव्हतं. आता कपाळाला हात लावून बसलेय.

११ फेब्रुवारी, सोमवार

दिवसभर डोक्यात तेच. हे घर पडलं तर मी भाचीकडे तिसऱ्या मजल्यावर राहायला जायचं. खोली दाखवलीय तिनं मला, चांगली आहे, कोपरे सगळे वाकडे. तिथे मी जगेनही. पण इथे दादा बसायचा ती जागा, वहिनीच्या मागाचा खड्डा, बुवांची खोली, यावरून ट्रक जाणार. ते मला जिवंतपणी बघवणार नाही.

१४ फेब्रुवारी, गुरुवार

सुचलं! उत्तरेची खिडकी!

दादावर लिहिणारे सगळे म्हणतात की अमुक एका वर्षी त्याला 'उजेड सापडला'. त्याआधीची चित्रं अंधारी, मातकट. आणि मग एकदम ती बायकांची, भांड्यांची, फळांची चित्रं, जिथे उजेड एका बाजूनं येऊन अलगद बसतो. तेव्हा दादाचा हात बसला. मला ते वर्ष चांगलं आठवतं, कारण त्याच वर्षी मी त्याच्या खोलीची उत्तरेकडची भिंत फोडून खिडकी मोठी केली होती आणि महिनाभर घरात धूळच धूळ. शिंकून शिंकून बुवांचा रियाज बंद.

तर मंडळाला सांगायचं, खिडकी दादानं केली. घराचा भाग आहे, उचलून नेता येत नाही. नियमात चपखल बसतं. आणि दादा स्वतःच पाहुण्यांना सांगायचा की, "मी खिडकी मोठी केली आणि कामाला रंग चढला." सांगायचाच. मग खोटं ते काय?

१६ फेब्रुवारी, शनिवार

भाचीला सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे काय? बाबांनीच केली ना? मला लहानपणापासून तसंच ठाऊक आहे."

मी म्हटलं, "हो, तसंच सांगायचं."

तिनं माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. दातांच्या डॉक्टरांची ती खोड असते, तोंड बंद असलं तरी आत बघतात. मंगळवारी मंडळाच्या बाई येणार.

१८ फेब्रुवारी, सोमवार

घर झाडून पुसून लख्ख केलं. दहा वेळा म्हणून पाहिलं, खिडकी दादानं केली, खिडकी दादानं केली. जीभ अडखळत नाही आता. मात्र आरशासमोर म्हटलं तर चेहरा चोरासारखा होतो, म्हणून उद्या दुसरीकडे बघून बोलणार.

एक कबूल करते, इथे लिहायला काय जातंय. दादाला काही मी दिलं नाही असं नाही, पण ही खिडकी द्यायला जड जातेय. का ते कळत नाही. वेडेपणा.

१९ फेब्रुवारी, मंगळवार

सगळं घालवलं मी. उचलली जीभ लावली टाळ्याला. जसं झालं तसं लिहिते.

बाई आल्या. साध्या, माझ्याहून पंधरा-वीस वर्षांनी लहान, चष्मा दोरीनं गळ्यात. चहा घेतला, साखर कमी म्हणाल्या, मला आवडल्या. दादाच्या चित्रांची त्यांना खडान्खडा माहिती. मग आम्ही त्याच्या खोलीत गेलो. भाची दारात उभी. मी भिंतीकडे बघून म्हटलं, "ही खिडकी दादानं केली. स्वतःच्या हातानं."

अस्सं, म्हणाल्या. जवळ गेल्या, कडांवरून हात फिरवला, एक डोळा मिटून पाहिलं. मग म्हणाल्या, "चित्रकार म्हणून थोरच. पण गवंडी म्हणून कच्चे होते हो! डावी कड सरळ आहे आणि उजवी बघा कशी वाकडी गेलीय. ओळंबा धरलाच नसणार."

दोष निघाला होता आणि उत्तर द्यायला कोणी नव्हतं. दादा असता तरी काय बोलला असता? त्याला ठाऊकच नव्हतं उजवी कड तशी का आहे. गप्प बसलं तर दोष मान्य. माझ्या कानशिलांत ठणठण व्हायला लागलं आणि पुढचं मी बोलले की कोणी माझ्याकडून वदवून घेतलं, देव जाणे.

"वाकडी? वाकडी नाही ती! मुद्दाम तिरकी काढलीय मी! समोर त्या गोठ्याची पांढरी भिंत दिसतेय का? दुपारी ती उजेड फेकते, तो थेट डोळ्यांत यायचा. दादा डोळे बारीक करून चित्र काढायचा, म्हणून सगळं काळं! उजवी कड तिरकी घेतली की तो उजेड आधी कडेवर पडतो, मऊ होतो, मग आत येतो. आणि ओळंबा म्हणता? लावा! डावीला लावून बघा! केसाचाही फरक निघाला तर नाव सांगणार नाही!"

भाचीचं तोंड उघडंच राहिलं. बाई म्हणाल्या, "आणि खिडकीची खालची कड का उतरती?" मी म्हटलं, "रंग सांडायचा वेंधळा. पुसायला सोपी पडावी म्हणून."

तरी थांबावं ना मी! पण त्या बाईंना काही म्हणजे काही पसंत पडेना. वहिनीच्या खोलीत गेल्या तर म्हणे मागाचा खड्डा फार खोल. मी म्हटलं, "वहिनीचे पाय बघितले होते का तुम्ही? लांबलचक! तिच्या गुडघ्यांच्या मापानं खणलाय." बुवांच्या खोलीत म्हणे छताला बाक आलाय. म्हटलं, "आलेला नाही, आणलाय. लाकडी छतात उंदीर झाले, म्हणून काढून टाकलं आणि बांबूच्या कामट्यांवर माती थापून कमान केली. कमानीवर उंदीर ठरत नाहीत." त्यानंतर बुवांचा आवाज खुलला असं लोक म्हणत, पण ते आपले पथ्यपाणी सांभाळल्यामुळे, हेही सांगितलं, उगाच भलतं श्रेय नको.

प्रत्येक खोलीत दोष, प्रत्येक कोपऱ्यात दोष. मीही एकेकाला पुरून उरले. संध्याकाळ व्हायला आली तेव्हा बाई दमल्या आणि गेल्या. जाताना माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "बरं झालं आले." कसलं बरं! इतके दोष ज्या घरात, ते कोण घेतं यादीत? आणि दादाच्या हातचं इथे काही नाही हे मीच ओरडून सांगितलं.

२० फेब्रुवारी, बुधवार

भाची राहिली होती. सकाळी भांडलो. मला वाटलं घर घालवलं म्हणून रागावली असेल, तर निराळंच.

"मग बाबा सगळ्यांना का सांगायचे मी केली म्हणून?"

"अगं, त्यानं सांगितलं म्हणूनच केली ना मी."

"काय सांगितलं होतं?"

आठवून पाहिलं. सांगितलं असं नाही. डोळे चोळत बसायचा आणि कुरकुर करायचा. मीच आपली कारण शोधत महिनाभर त्याच्या खुर्चीत बसून उजेड बघत होते, तो जेवायला उठला की.

"आणि आई? आईला माहीत होतं?"

वहिनीला सगळं माहीत असायचं. शेवटच्या दुखण्यात माझा हात धरून म्हणाली होती, "वन्सं, माझ्या कापडाचा पन्हा तुमच्या खड्ड्यामुळे वाढला. माझं नाव झालं ते तुमच्या हातचं आहे." अंगात सडकून ताप होता. तापात माणूस काहीबाही बोलतं.

हे सांगितलं तर भाची उठून बाहेर गेली. परत आली तेव्हा नाक लाल. दादाबद्दल वाईट वाटलं असणार तिला. मी म्हटलं, "तुझा बाप फार मोठा माणूस होता. त्याच्याबद्दल मनात काही आणायचं नाही." ती म्हणाली, "नाही आणत. पण तू पण कमाल आहेस, आत्या." यात माझी कसली कमाल?

२८ फेब्रुवारी, गुरुवार

मोजणीवाले परत येऊन माप घेऊन गेले. यावेळी मी बाहेर गेले नाही.

६ मार्च, बुधवार

माळ्यावरचा पसारा आवरायला घेतला. थापी, ओळंबा, पातळी बघायची नळी एका पेटीत भरली. शहरात कशाला लागणार, पण टाकवत नाही. मध्येच दक्षिणेच्या भिंतीला एक पोपडा दिसला. पाडायच्या घराला गिलावा कोण करतं? पण पोपडा दिसल्यावर हात स्वस्थ बसेना. चुना कालवला आणि लिंपून टाकला. पडायचंच असेल तर सुबक पडेल.

१६ मार्च, शनिवार

भाची न कळवता आली. गाडीतून उतरली ती धावतच, या वयात, आणि मला मिठी मारून गदगदा हलवलं. मला वाटलं कोणी गेलं की काय.

घर यादीत घेतलं! रस्ता माळावरून जाणार! मी खाली पायरीवरच बसले. दादा वाचला, असंच पहिल्यांदा मनात आलं. मग वहिनी, मग बुवा. रडले, अगदी हमसून हमसून, आणि यावेळी संताप नव्हता.

मग तिनं मंडळाचा निर्णय वाचून दाखवला. कलावंत म्हणून पहिलं नाव माझं. त्यापुढे शब्द एकच, गवंडी. त्याखाली, या घरात राहून काम केलेले म्हणून दादा, वहिनी आणि बुवा.

मी भडकलेच. "चूक केलीय! कळवून टाक त्यांना. दादाचं नाव माझ्या खाली? मी कधीपासून कलावंत झाले? मी सोय केली नुसती!"

भाची माझ्याशेजारी पायरीवर बसली. दवाखान्यात मुलांशी बोलते तशी सावकाश बोलली. "आत्या, नियम काय होता? ज्यानं केलं त्याच्या हातचं घरातच हवं, उचलून नेता येऊ नये. बाबांचं सगळं लोकांनी उचलून नेलं. तुझं कोणालाच नेता आलं नाही. त्या बाई चार तास तुझे दोष काढत होत्या, ते तुला काय वाटलं? शेवटी काय लिहिलंय बघ, 'संपूर्ण वास्तूत निष्काळजीपणे केलेलं एकही काम आढळलं नाही.'"

मी ते वाक्य तिला परत वाचायला लावलं. मग चष्मा आणायला लावला आणि स्वतः वाचलं. मग भिंतीकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं. खरंच नाहीये. एकही नाही. मला हे ठाऊकच होतं, तरी कोणी परक्यानं म्हटल्यावर छातीत काय होतं ते मला इतक्या वर्षांत कळलं नव्हतं. दादाला ते दर प्रदर्शनात होत असणार. म्हणूनच तो तसा चालायचा.

भाची म्हणाली, दगडी पाटी मंडळ देणार, नावं कोरून. दादाचं नाव वर घ्यायचं असेल तर विनंती करून पाहू, अजून वेळ आहे. अक्षरं किती मोठी हवीत तेही विचारलंय.

मी विचार केला. चांगला पदर डोळ्यांना लावून, नाक पुसून, नीट विचार केला.

म्हटलं, "क्रम राहू दे, मंडळाचा नियम आहे, आपण कशाला मोडा? पाटी मात्र मी बसवणार, त्यांचा माणूस पाठवू नका म्हणावं. आणि रस्ता पलीकडच्या माळावरून जातोय ना? मग तिकडून जाणाऱ्याला गाडी न थांबवता वाचता येतील एवढी कोरा."